लेबलावर फक्त ‘कर’ उरलंय

चावीवाला (धागाकर्ता)

ज्योत्स्ना भोळे म्हटलं की लोक ‘माझिया माहेरा जा’ म्हणतात आणि तिथेच थांबतात. राजा बढ्यांचे शब्द, पुलंची चाल. गाणं मोठंच आहे, तक्रार नाही. पण त्या एका गाण्याआड बाकीची गायिका गेली. ११ मे १९१४ ला बांदिवड्यात जन्मलेली दुर्गा केळेकर, १ जुलै १९३३ ला नाट्यमन्वंतर संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ नाटकात उभी राहिलेली ज्योत्स्ना, संगीतकार पती केशवराव भोळ्यांच्या चालीवर ‘आला खुशीत समिंदर’ म्हणणारी ज्योत्स्ना. नाव सगळ्यांना पाठ, त्या काळच्या आवाजाचा मात्र पत्ता नाही.

हा धागा त्या आवाजासाठी, म्हणजे १९४२ च्या ‘कुलवधू’ नाटकापर्यंतच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) रेकॉर्डसाठी. ओळखायच्या कशा, धुवायच्या कशा, वाजवायच्या आणि कॉम्प्युटरवर उतरवायच्या कशा, एवढंच इथे. आठवणी, ‘आमच्या आजोबांकडे होती’ वगैरे दुसऱ्या धाग्यावर. चतुर्थीच्या साफसफाईत माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरतील, त्याआधी इथे नीट माहिती जमलेली बरी.

सुरुवात नावापासून. लेबलावर ‘ज्योत्स्ना भोळे’ छापलेलं असेलच असं धरू नका. दुर्गा, ज्योत्स्ना, केळेकर, भोळे, पुढे मिस किंवा बाई किंवा काहीच नाही, अशा सगळ्या जोड्या डोक्यात ठेवा. लेबलावर रोमन अक्षरं असली तर ‘ज्योत्स्ना’चे स्पेलिंग छापणाऱ्याच्या मर्जीवर असायचे, कुठे टी गायब, कुठे वाय. थोरली बहीण गिरिजाबाई केळेकर याही गाणाऱ्या होत्या, म्हणून नुसतं आडनाव दिसलं की उड्या मारू नयेत.

तिसवाडीची

एक दहा इंची रेकॉर्ड आहे. लेबल कसरीने खाल्लंय. एका बाजूला ‘मराठी’ आणि ओळीच्या शेवटी ‘कर’ एवढं वाचता येतं. दुसऱ्या बाजूचं लेबल साफ गेलंय. आवाज बाईचा. ही ज्योत्स्नाबाईंची आहे का, हे कसं ठरवायचं?

म्हापशेंकार

गोंयांत ‘कर’ म्हळ्यार अर्दें गोंय जालें मगो! केरकर, कुर्डीकर, मालपेकर, शिरोडकर, केळेकर. गाव सांगा, गाणारी सांपडटा.

चावीवाला

म्हापशेंकारबाब हसवतायत पण मुद्दा खरा आहे. केसरबाई केरीच्या, मोगूबाई कुर्डीच्या, अंजनीबाई मालपेच्या. ‘कर’ हा पुरावा धरता येत नाही.

तिसवाडीची, लेबल सोडा. लेबल आणि खाचा यांच्यामध्ये जी कोरी गुळगुळीत पट्टी असते ती पाहा. तिथे कोरलेला किंवा उठावदार नंबर असतो, मॅट्रिक्स नंबर म्हणतात त्याला. लेबल वाळवी खाते, हा नंबर खात नाही. खोलीतले दिवे बंद करा, मोबाईलचा टॉर्च रेकॉर्डच्या पातळीवर आडवा धरा आणि रेकॉर्ड हळूहळू फिरवा. एका कोनात नंबर उजळतो. वरून प्रकाश टाकला तर काही दिसणार नाही, काळ्यावर काळं. तरी नाही दिसलं तर पातळ कागद ठेवून मऊ शिसपेन्सिलीने हलकेच घासा, नाण्यावरून ठसा घेतात तसा. पेन्सिल फक्त कोऱ्या पट्टीवर, खाचांवर नाही.

दोन्ही बाजू वाचा आणि जसंच्या तसं लिहून घ्या. टिंब, डॅश, बारीक अक्षर, काहीही गाळू नका. पाहायच्या गोष्टी या:

ग्रामोफोन कंपनीच्या (म्हणजे एचएमव्हीच्या) तीस सालानंतरच्या रेकॉर्डवर नंबराच्या सुरुवातीला शून्य किंवा ओ असेल तर दहा इंची, २ असेल तर बारा इंची. डॅशनंतर १, २, ३ असेल तर तो टेक. म्हणजे तेच गाणं कितव्यांदा म्हटलेलं छापलं. आणि नंबरामागे छोटा त्रिकोण असला तर मायक्रोफोनने मुद्रण करायची वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीची पद्धत, चौकोन असला तर इंजिनिअर ब्लुमलाइनची, ती १९३१ पासूनची.

टेककडे लक्ष द्या. लेबलवरचा कॅटलॉग नंबर तोच, पण एका प्रतीवर टेक १ आणि दुसरीवर टेक २, असं होतं. मग ती दोन वेगळी गायनं असतात. एका टेकमध्ये हरकत एक, दुसऱ्यात दुसरी. ‘आमच्याकडे आहे ही’ म्हणून दुसरी प्रत परत करण्याआधी पट्टी वाचा.

शंकेखोर

मॅट्रिक्स नंबर म्हणजे तारीख नव्हे. कंपनीची नोंदवही किंवा छापील डिस्कोग्राफी (रेकॉर्डची तपशीलवार यादी) हाताशी नसेल तर नंबर फक्त क्रम सांगतो, वर्ष नाही. शिवाय रेकॉर्ड वर्षानुवर्षं पुन्हा छापल्या जात. लेबल नंतरचं आणि ध्वनिमुद्रण आधीचं, हे नेहमीचं. लेबलाच्या रंगावरून सन सांगणाऱ्यांवर तर मुळीच विश्वास ठेवू नका.

आणि दोन बाजूंचे नंबर लागोपाठचे नसले तर त्या एकाच दिवशी मुद्रित झाल्या असं लिहू नका.

चावीवाला

मान्य. म्हणूनच ‘क्रम’ म्हणून वापरा. त्याच मालिकेतल्या दोन रेकॉर्ड जर नाटकाच्या तारखेने बांधलेल्या असतील तर मधला नंबर त्या दोन तारखांच्या मध्ये पडतो. ‘आंधळ्यांची शाळा’चं ‘एकलेपणाची आग लागली हृदया’ १९३३ च्या बरंच आधीचं असू शकत नाही, ‘कुलवधू’चं ‘बोला अमृत बोला’ १९४२ च्या आधीचं असू शकत नाही. असे खुंटे ठोकायचे आणि मध्ये दोरी ताणायची. पण एकाच कंपनीच्या एकाच मालिकेत. एचएमव्हीचे नंबर यंग इंडिया कंपनीच्या नंबरांशी जोडलेत की सगळं मुसळ केरात.

सुईतीन

नंबर वाचून झाला असेल तर आता ती रेकॉर्ड वाजवू नका. कसर लागलेली रेकॉर्ड म्हणजे खाचांत बुरशी असणारच. सुई ती बुरशी आणि धूळ दळत पुढे जाते आणि एका फेरीत खाच खराब होते. आधी धुणं.

७८ ची रेकॉर्ड म्हणजे लाख, दगडाची पूड आणि काजळी. नंतरच्या एलपीसारखं व्हिनाइल (प्लास्टिक) नाही. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. स्पिरिट, सॅनिटायझर, काच पुसायचे निळे द्रव, मोबाईल स्क्रीनचे वाइप्स, एलपीसाठी मिळणारे बरेच क्लीनर, यातलं काहीही लागलं की पृष्ठभाग चिकट होतो, खाच मऊ होते, आणि ते दुरुस्त होत नाही. बाटलीवर अल्कोहोल आहे की नाही हे स्पष्ट लिहिलं नसेल तर वापरू नका.

कृती: आधी कोरडा मऊ ब्रश, शेळीच्या केसांचा किंवा न वापरलेला रंगाचा, खाचांच्या दिशेने गोल. आडवा कधी नाही. मग एक लिटर डिस्टिल्ड पाणी, बॅटरीचं चालतं, पण सीलबंद बाटलीतलं. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, तीन नको. फेस झाला तर जास्त झालं. लेबलावर काचेचं झाकण किंवा प्लास्टिकची वाटी उपडी दाबून धरा. ब्रश बुडवून, निथळवून, गोल फिरवा, एका बाजूला मिनिटभर. लगेच नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा. नळाचं किंवा विहिरीचं पाणी नको, वाळल्यावर क्षार खाचेत बसतात आणि त्याचा कायमचा कुरकुर आवाज येतो. जुन्या धुतलेल्या मलमलच्या फडक्याने टिपायचं, घासायचं नाही. मग ताटांच्या स्टँडमध्ये उभी, पंख्याखाली, तीन-चार तास. उन्हात नाही.

पाण्यात भिजत घालू नका. कडेला टवका उडालेला असेल किंवा केसासारखी भेग असेल तर पाणी आत शिरतं आणि भेग वाढते. कोलंबियाच्या काही रेकॉर्ड थराथरांच्या असतात, आत कागद. त्या फुगतात.

तिसवाडीची

बाजारात एकाने खोबरेल पुसून दाखवलं. एकदम चकाकली.

सुईतीन

चकाकते, आणि पुढचं वर्षभर हवेतली सगळी धूळ पकडते. तेल खाचेत बसतं, त्यावर बुरशीला जेवण. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात असो की मुंबईच्या चोर बाजारात, अशी तुकतुकीत काळीभोर रेकॉर्ड दिसली तर बोट फिरवून वास घ्या. खोबरेलाचा वास लपत नाही. घ्यायचीच असेल तर घरी आल्यावर वरचीच कृती, फक्त लिक्विडचे चार थेंब आणि दोन वेळा. तेल एका धुण्यात निघत नाही.

घेताना आणखी एक. राखाडी खाचा म्हणजे झिजलेल्या खाचा. सगळी रेकॉर्ड काळी आणि मधला एक पट्टा राखाडी दिसला तर बहुतेक तिथे आवाज चढलेला असतो, तारसप्तकातली जागा. पोलादी सुईने नेमकी तीच खरवडलेली असते. नाट्यगीतांच्या रेकॉर्डमध्ये हे फार दिसतं.

म्हापशेंकार

चावीच्या पेट्यार वाजयल्यार कितें जाता? कान सुखावतात.

सुईतीन

कान सुखावतात, खाचा मरतात. चावीच्या ग्रामोफोनच्या साउंडबॉक्सचं वजन सुईवर शंभर ग्रॅमच्या वर असतं. दगडाची पूड रेकॉर्डमध्ये मुद्दाम घातलेली असते, पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांत घासून खाचेच्या आकाराची व्हावी म्हणून. म्हणजे सुई झिजणं हे त्या यंत्राचं कामच. म्हणून एक बाजू, एक सुई, नियम एवढाच. तीच सुई दुसऱ्या बाजूला लावली की तिच्या धारदार झालेल्या कडा खाच कापतात. ज्याची दुसरी प्रत सहज मिळेल तीच चावीच्या पेटीवर वाजवा. अनोळखी रेकॉर्ड नाही.

टर्नटेबलवर वाजवताना एलपीची सुई चालत नाही. ती ०.७ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ७८ च्या रुंद खाचेच्या तळाशी पडते आणि तळातला कचरा ऐकवते. ३ मिलची, म्हणजे साधारण ७५ मायक्रॉनची सुई घ्या. जमलं तर २.५ आणि ३.५ सुद्धा ठेवा. खाचेची भिंत ज्या उंचीवर झिजली असेल त्याच्या वर किंवा खाली दुसऱ्या मापाची सुई बसते आणि कधी कधी मेलेली वाटणारी रेकॉर्ड बोलू लागते. वजन ३ ते ५ ग्रॅम. एलपीसारखं दीड ग्रॅम ठेवलंत तर सुई उड्या मारेल आणि प्रत्येक उडीत टवका.

तिसवाडीची

धुतली. उद्या वाजवीन. टर्नटेबलवर ७८ आहे. तेवढं पुरे ना?

काळीचार

वेग नीट तपासा, नाहीतर बाई कोण हे कळणारच नाही. आवाज ओळखायचा म्हणजे सुराची पट्टी बरोबर हवी. वेग सहा टक्के चुकला की अख्खा अर्धस्वर सरकतो. काळी चारची (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीची) गायिका पांढरीत गाताना ऐकू येते, आवाज पातळ होतो किंवा जाड होतो, आणि मग ‘हा ज्योत्स्नाबाईंचा नाही’ असं कोणीतरी छातीठोक सांगतं.

तपासायचं असं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झ, म्हणून ७७ रेघांची स्ट्रोबची चकती छापून रेकॉर्डवर ठेवा. ९२ रेघांची अमेरिकेची, ती इथे चुकीची. रेघा स्थिर दिसल्या की वेग ७७.९२. एलईडी बल्बखाली बहुतेक वेळा रेघा दिसतच नाहीत किंवा खोट्या दिसतात. निऑनचा छोटा टेस्टर दिवा किंवा जुना पिवळा बल्ब लावा. रेकॉर्डच्या सुरुवातीला आणि शेवटाला दोन्हीकडे तपासा. चावीच्या पेटीवर हे हमखास चुकतं, स्प्रिंग सुटत गेली की शेवटच्या अर्ध्या मिनिटात सूर उतरतो.

पण मुळात मुद्रण करताना वेग ७८ च होता याची खात्री नसते. इथे साथीची पेटी, म्हणजे हार्मोनियम, कामाला येते. गायिकेचा षड्ज मोजा, तानपुरा किंवा पेटीचा लांब सूर घेऊन. समजा ७७.९२ ला षड्ज २०४.१ हर्ट्झ आला. काळी चार २०७.६५. म्हणजे पेटी काळी चारच्या तीस सेंट (अर्धस्वराचे शंभर सेंट) खाली पडतेय. पेटी तर दोन पट्ट्यांच्या मधल्या सुरात वाजत नाही. वेग १.७५ टक्के वाढवा, ७९.३ होतो, आणि षड्ज काळी चारवर बसतो. मग मध्यम, पंचम पेटीच्या सुरांशी जुळतायत का ऐका.

शंकेखोर

थांबा. पेटी ४४० ला जुळवलेली होती हे कोणी सांगितलं? त्या काळच्या रीड सगळ्या एका मापाच्या नव्हत्या. वीस सेंट इकडे-तिकडे सहज. तीस सेंट म्हणजे तर उंबरठ्यावरचीच केस, वर काळी चारला जाईल, पण पेटीच उतरलेली असेल तर वेग बदलायचं कारणच नाही.

काळीचार

बरोबर, म्हणून एका रेकॉर्डवरून ठरवायचं नाही. त्याच कंपनीच्या, जवळच्या मॅट्रिक्स नंबरांच्या दोन-तीन रेकॉर्ड मोजा, गायक वेगळे असले तरी चालतील. सगळ्या सारख्याच खाली पडत असतील तर मशीनचा वेग किंवा स्टुडिओची पेटी, दोन्हींपैकी एक. एकटीच पडत असेल तर वेगळा विचार. आणि केलेली दुरुस्ती फाईलच्या नावात लिहा, ‘७९.३ ला’. मूळ फाईल न बदलता ठेवा, म्हणजे उद्या कोणी तुमचं चुकलं म्हणालं तर त्याला परत करता येईल.

सूर सेकंदाला एकदा-सव्वादा हेलकावे खात असेल तर वेगाचा दोष नाही, भोक मध्यभागी नाही. ७८ फेरे म्हणजे सेकंदाला १.३. कानस घेऊन भोक मोठं करणारे आहेत, तसं करू नका.

सुईतीन

कॉम्प्युटरवर उतरवण्याबद्दल. सुईचं कार्ट्रिज स्टीरिओ असेल तर फाईल स्टीरिओच घ्या, गाणं मोनो असलं तरी. डावा चॅनेल म्हणजे खाचेची एक भिंत, उजवा म्हणजे दुसरी. एक भिंत जास्त झिजलेली असते. दोन्ही वेगवेगळे ऐका, चांगला घ्या. दोन्ही सारखेच असतील तर बेरीज करा, सुई वर-खाली हलल्याची खडखड कमी होते.

२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. गाण्यासाठी एवढं लागत नाही, पण टिकटिक काढणाऱ्या प्रोग्रॅमला टोकदार आवाज नीट दिसले की तो गाणं कापत नाही. पातळी टिकटिकीसकट उणे सहा डेसिबलच्या खाली ठेवा.

प्रीअँप (सुईचा बारीक आवाज मोठा करणारा) नेहमीचा असेल तर तो आरआयएए वक्र, म्हणजे खालचे-वरचे सूर कमी-जास्त करायचं ठरलेलं माप, लावतो, ते एलपीसाठी आहे. ७८ वर या वक्राने वरचे सूर दबतात आणि खालचे फुगतात. म्हणून जुन्या रेकॉर्ड इंटरनेटवर ‘घोंगडीतून’ ऐकू येतात. एक तर फ्लॅट प्रीअँप घ्या, किंवा ऑडॅसिटी या प्रोग्रॅममध्ये आरआयएए उलटा लावून मग ७८ चा वक्र लावा, खालचा वळणबिंदू २५० हर्ट्झच्या आसपास, वर सपाट. क्रम चुकवू नका: आधी टिकटिक, मग चॅनेल, मग वक्र, आणि शेवटी हवाच असेल तर खरखर कमी करणं, पाच-सहा डेसिबलच्या पुढे नाही. त्यापुढे गेलं की तानपुऱ्याची जवारी पहिल्यांदा मरते आणि मग ‘स’, ‘श’. शब्द ऐकू येणं हीच ज्यांची ओळख, त्यांचे शब्दच पुसून टाकणं बरं नव्हे.

शंकेखोर

इंटरनेटचं निघालंच आहे म्हणून. ‘मूळ रेकॉर्ड’ म्हणून चढवलेली निम्मी गाणी नंतरची असतात, रेडिओची किंवा एलपीच्या काळात पुन्हा गायलेली. लांबी बघा. दहा इंची बाजू तीन मिनिटांच्या आसपास, ताणून साडेतीन. पाच मिनिटांची ‘मूळ ७८’ असत नाही. आता या तीन मिनिटांनी काय केलं बघा: रंगमंचावर वन्समोअर घेत पंधरा मिनिटं चालणारं पद रेकॉर्डवर कापावं लागे, पण भावगीत मुळातच तीन मिनिटांचं बांधलं गेलं. ज्योत्स्नाबाईंच्या गाण्यात पहिल्याच ओळीत राग, भाव, लय सगळं उभं राहतं, कारण चाल बांधणाऱ्याला आलापाला जागाच नव्हती. केसरबाईंचं ‘जात कहाँ हो’ १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर पाठवलं तेही साडेतीन मिनिटांच्या आतबाहेरचंच.

दुसरी कसोटी पेटीची. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला बंदी होती. साथीला पेटी स्पष्ट असेल तर ते त्या काळातलं रेडिओचं मुद्रण नाही. उलट मात्र खरं नाही. पेटी नाही म्हणून रेडिओ, असं म्हणता येत नाही, सारंगी-व्हायोलिनवरही रेकॉर्ड होत.

कागदवाचक

नाटकाच्या बाजूने शोधणाऱ्यांसाठी. रेकॉर्डच्या लेबलवर ‘नाटक’ म्हणून नाव छापलेलं असेल तर जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींत खेळाची तारीख, नट-नट्यांची नावं सापडतात. पणजीत पाटोच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात गोव्यातली जुनी वृत्तपत्रं पाहायला मिळतात. जाताना गावाची आणि आडनावांची पोर्तुगीज स्पेलिंग लिहून न्या. ‘बांदिवडे’ पोर्तुगीज कागदांत ‘बांदोरा’ असतं, आणि ‘क’ला के नसतो, क्यू-यू किंवा सी असतो. केळेकर शोधताना के धरून बसलात तर हाती काही लागणार नाही.

इंटरनेटवर चढवण्याबद्दल: भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं. म्हणजे तीस-चाळीस सालच्या रेकॉर्डचं मुद्रण मोकळं. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ‘कुलवधू’चे संगीतकार मास्टर कृष्णराव १९७४ ला गेले, राजा बढे १९७७ ला. हिशेब करा.

म्हापशेंकार

आनी पावसांत खंय दवरप? शेंवाळ येता सगळ्याक.

चावीवाला

पावसात कुठे ठेवायच्या, आपल्या गोव्यातला खरा प्रश्न हाच. मुंबई-पुण्याचे सल्ले इथे अर्धे चालतात. आषाढात हवाच ओली असते, आणि लोखंडी कपाट आतून घामेजतं. लाकडी कपाट बरं, पण चिऱ्याच्या भिंतीपासून वीतभर लांब, जमिनीपासून फूटभर वर. रेकॉर्ड उभ्या, तिरक्या नाहीत. तिरकी ठेवलेली मे महिन्यात वाकते. एकावर एक आडव्या रचल्या तर खालच्या फुटतात. दहा इंची एकेक दोनशे ग्रॅमच्या वर जाते, पंचवीसची गड्डी म्हणजे पाच किलो.

जुनी तपकिरी कागदी पाकिटं फेकू नका, त्यांवरच्या जाहिराती म्हणजे माहिती आहे. पण रेकॉर्ड त्यांत ठेवू नका. नव्या आम्लरहित कागदाच्या पाकिटात रेकॉर्ड, जुनं पाकीट वेगळ्या फोल्डरमध्ये. प्लास्टिकच्या बंद पिशवीत तर मुळीच नाही, ओल आत अडकते आणि आठवड्यात पांढरं जाळं धरतं. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर वाळवून परत. डांबरगोळ्यांचा वास जात नाही, लेबलाला डाग पडतात. कसरीसाठी कपाट महिन्यातून एकदा रिकामं करून पुसणं, याला पर्याय नाही.

वाकलेली असेल तर दोन सपाट जाड काचांमध्ये ठेवून दुपारच्या उन्हात तासभर, वर एखादं जाड पुस्तक, मग सावलीत आणून काचेतच पूर्ण थंड. काच गरम असताना उघडली की परत वाकते. पावसाळ्यात हा उद्योग करू नका, ऊन येतं-जातं आणि तापमान असमान होतं. ओव्हनमध्ये घालणाऱ्यांनी दुसरा छंद बघावा.

तिसवाडीची

पट्टी वाचली. एका बाजूला नंबराच्या आधी ओ, डॅशनंतर २. दुसऱ्या बाजूला डॅशनंतर १, आणि नंबर पहिल्यापेक्षा तीनने पुढे. त्रिकोण-चौकोन काही दिसत नाही. ३ मिलने वाजवली, ४ ग्रॅमवर. एक बाजू ३ मिनिटं ४ सेकंद, दुसरी २ मिनिटं ५१. साथीला पेटी आणि तबला. षड्ज काळी चारच्या बारा सेंट खाली. शब्द मराठी, नीट कळतात, ‘श’सुद्धा.

काळीचार

बारा सेंट सोडून द्या. पेटीच्या फरकात बसतं. वेगाला हात लावू नका.

सुईतीन

खूण नाही म्हणजे मायक्रोफोनशिवाय, नुसत्या भोंग्यातून मुद्रित असं लगेच समजू नका. ‘श’ कळतोय हे महत्त्वाचं. भोंग्याच्या काळात, १९२५ च्या आधी, अडीच हजार हर्ट्झच्या वर फारसं काही उरत नसे, ‘श’ आणि ‘फ’ सारखेच ऐकू येत. स्पेक्ट्रोग्राम (किती हर्ट्झला किती आवाज, याचं चित्र) काढा. पाच हजारापर्यंत गाणं दिसत असेल तर मायक्रोफोनचं मुद्रण. आणि ओ आहेच, त्यामुळे ते तसंच निघेल.

तिसवाडीची

काढला. साडेपाच हजारापर्यंत दिसतंय. मग ज्योत्स्नाबाईच ना? आवाज अगदी तसाच कोवळा आहे.

शंकेखोर

नाही. ‘मायक्रोफोनच्या काळातली, मराठी गाणारी, काळी चारमधली, आडनाव कर’ एवढंच सिद्ध झालं. एवढ्यात डझनभर बायका बसतात. कोवळा आवाज त्या काळी फॅशनच होती.

चावीवाला

एक करून बघा. ज्योत्स्नाबाईंचं नक्की म्हणता येईल असं गाणं घ्या, ‘कुलवधू’मधलं चालेल, त्याचा वेग आधी असाच तपासा आणि मग दोन्ही शेजारी लावा. आवाजाचा पोत सोडून द्या, नऊ वर्षांत आवाज बदलतो. ओळीचा शेवट ऐका. शब्दाचं शेवटचं अक्षर किती धरलंय, सोडताना सूर खाली घसरतो की तिथेच थांबतो, आणि समेवर येताना अक्षर किंचित आधी पडतं की नंतर. या सवयी वयाबरोबर कमीच बदलतात. दोन्ही बाजूंच्या अशा दहा-बारा जागा मिनिट-सेकंदासह लिहून इथे टाका. फाईल टाकू नका अजून, नाहीतर उद्या ती ‘ज्योत्स्ना भोळे, दुर्मीळ’ म्हणून शंभर ठिकाणी फिरेल आणि परत आणता येणार नाही.

तोवर फाईलचं नाव ‘अनामिक गायिका’, पुढे मॅट्रिक्स नंबर, टेक, बाजू, वेग. लेबलचा फोटो दोन्ही बाजूंनी, खाल्लेल्या भागासकट. कसरीने जिथे कागद खाल्लाय तिथे कधी कधी छपाईच्या दाबाचा ठसा खालच्या लाखेवर उरलेला असतो. तोच आडवा टॉर्च तिथेही मारा.

तिसवाडीची

‘कर’च्या आधी काहीतरी आहे. काना असावा. का वेलांटी, नक्की नाही. रात्री पुन्हा बघते, दिवसा उजेड फार आहे.